पहिला तंबू घराजवळच ठोका

टोरोंटो भागात नवीन आलेलं मराठी कुटुंब कॅम्पिंगचं ठरवतं, तेव्हा पहिलं नाव अल्गोन्क्विनचंच निघतं. १८९३ सालचं ते पार्क खरंच देखणं आहे, पण पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका. तीन तासांचा रस्ता, आणि मेच्या मध्यापासून जून संपेपर्यंत काळ्या माश्या पोरांना चावून फोडून काढतात. डार्लिंग्टन, ब्रॉन्टे क्रीक नाहीतर सिबाल्ड पॉइंट यांपैकी टोरोंटोजवळचं एखादं पार्क गाठा. पोराला ताप आला, पावसाने तंबू भिजला, तर मध्यरात्रीसुद्धा घरी परतता येतं. ही पार्कं चालवणाऱ्या ऑन्टारियो पार्क्सचा ‘लर्न टू कॅम्प’ कार्यक्रम मिळाला तर त्यातच पहिली रात्र काढा. सामान तेच देतात, शिकवतातही.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं. एक ऑगस्टला जायचं तर एक मार्चला सकाळी लॉगिन करून बसायचं. आपल्याकडे ‘बघू, जूनमध्ये ठरवू’ म्हणतात आणि मग लाँग वीकेंडला जागा मिळत नाही म्हणून हळहळतात. एका साइटवर, म्हणजे तंबूच्या एका जागेवर, सहाच माणसं, हेही आधी सांगून ठेवा. तीन कुटुंबं एकत्र निघणार असाल तर शेजारशेजारच्या साइट घ्या नाहीतर ग्रुप साइट. आणि स्पीकर घरीच राहू दे. शेजारचा माणूस शांततेसाठीच तिथे आलेला असतो, मीही त्यासाठीच जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या दुसऱ्याच ट्रिपला जेवणं उशिरा झाली, सगळे पेंगुळले होते. मसाला लावलेल्या चिकनचा कूलर आणि चिवड्याचा डबा टेबलावर तसाच राहिला. रात्री रकून (मांजराहून थोडे मोठे, खाणं चोरणारे रानटी प्राणी) आले, सगळं फस्त केलं, उरलेलं साइटभर पसरलं. सकाळी वॉर्डनने ते पाहिलं आणि दंडाची पावती हातात ठेवली. दोन दिवसांचं खाणंही गेलं. तेव्हा रकूनच होते, अस्वल असतं तर? अस्वलाला माणसाच्या अन्नाची एकदा चटक लागली की ते परत परत येतं, आणि शेवटी बऱ्याचदा त्यालाच मारावं लागतं. म्हणून झोपण्यापूर्वी कूलर, तेलाची बाटली, कचरा, टूथपेस्ट, साबण, सगळं गाडीत टाका आणि काचा वर करा. भांडी रात्रीच घासा, सकाळवर ठेवू नका. तंबूत काहीही खायचं नाही. पोराच्या उशाखाली बिस्किटाचा पुडासुद्धा नको. दरवर्षी कुणी ना कुणी नवीन कुटुंब हीच चूक करतं, म्हणून मी दरवर्षी हेच सांगते.

थंडी जमिनीतून येते. नुसत्या हवेच्या गादीवर जुलैतही पहाटे कुडकुडायला होतं. गादीवर देशातून आणलेली गोधडी अंथरा, मग स्लीपिंग बॅग. ऊब हवी म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो.

स्वयंपाक सोपा ठेवा: भाजणी, मेतकूट, घरून करून नेलेली कोरडी चटणी. गॅसची छोटी शेगडी न्याच, कारण आगबंदी असली तर लाकडं पेटवता येत नाहीत. निघण्याआधी ते तपासा. लाकडं घरून नेऊ नका. त्यांतून किडे नव्या जंगलात जातात. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या किड्याने इथली अ‍ॅशची झाडं अशीच संपवत आणली आहेत. पार्कातच लाकडांची पिशवी विकत घ्या, रात्रीपुरत्या दोन.