दोन्ही प्रश्नावल्या मालकालाच देऊ नका

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत, मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी पीएचडीसाठी पिशवीभर प्रश्नावल्या भरून आणल्या. विषय लघुउद्योगाचा धोरणात्मक कल, म्हणजे नवं करायची, धोका पत्करायची, पुढाकार घ्यायची तयारी, आणि तिथली ज्ञाननिर्मिती. सहसंबंध इतका झकास आला की घरी संत्रा बर्फी नेली. सादरीकरणात परीक्षकांनी एवढंच विचारलं, "दोन्ही भाग भरले कोणी?"

मालकानं. माझं वर्ष गेलं.

नीट समजून घ्या. हा कल मोजायची कोविन-स्लेविन या संशोधकांची १९८९ची पट्टी, नऊ प्रश्न, प्रत्येकाला एक ते सात गुण. धोका पत्करण्यापुढे मालक सात टाकतो आणि पाच मिनिटांनी "आमच्याकडे माहिती सगळ्यांना मिळते" यापुढेही सातच. धोरण आणि ज्ञान यांचा संबंध तुम्ही मोजलेलाच नसतो, त्या माणसाचा त्या दिवशीचा मूड मोजलेला असतो. एकाच माणसाकडून, एकाच पद्धतीनं दोन्ही गोष्टी मोजल्यामुळे येणाऱ्या या खोट्या संबंधालाच कॉमन मेथड बायस म्हणतात. शेवटी हा दोष तपासायची हार्मनची सांख्यिकी चाचणी चिकटवून सुटका होत नाही, ती फार ढोबळ आहे. धोरणाचं मालकाला विचारा, ज्ञानाचं फोरमनला, जमलं तर महिन्याभराच्या अंतरानं.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका फोरमनला विचारलं, मशीनचं सेटिंग लिहून ठेवता का? "लिहून कायले ठेवू भाऊ, हाताले मालूम हाय ना!" नोनाका-ताकेउचींच्या ज्ञाननिर्मितीच्या मॉडेलमधलं अव्यक्त ज्ञान, हातात असतं पण कागदावर नसतं, ते हेच. खर्चावरच डोळा ठेवून जॉबवर्क करणाऱ्या युनिटमध्ये पोरगं मिस्त्रीशेजारी उभं राहून शिकतं, आणि मिस्त्री नोकरी सोडून गेला की सगळं त्याच्यासोबत जातं. ज्या युनिटचा मालक ग्राहकाकडे जाऊन त्याची अडचण विचारतो, तिथे फिक्स्चर (काम पकडून ठेवणारा साचा) बदलावं लागतं, मग कोणीतरी स्केच काढतं, वही होते. मला तरी कल आणि ज्ञानाचा सांधा तिथेच दिसला.

व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म ढकलून पीएचडी करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. आणि मार्गदर्शक सहीपुरते निघाले तर कुढत बसू नका, माझेही तसेच होते. जुना डेटा फेकू नका, मालकांचा धोरणाचा भाग चालतो. फक्त नमुना तपासा: १ एप्रिल २०२५पासून लघुउद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत १० वरून २५ कोटी आणि उलाढालीत ५० वरून १०० कोटी झाली आहे.

फोरमनला शिफ्टच्या आधी गाठा. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तो पंधरा मिनिटं देतो, आत मालकासमोर दोनही देत नाही.