वर्गात करून पाहा : ‘मोल्डर बाहेर आली’ वाचताना मेंदू कुठं अडखळतो

हा प्रयोग मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवी-आठवीला घेते. जुन्या कॅलेंडरची पानं, स्केचपेन आणि एक तास पुरतो.

पानं कापा, एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहा. वाक्यं अशी : ‘म्हशीनं सकाळी दोन लिटर कुलूप दिलं’, ‘मामा घाम पुसत बाहेर आली’, ‘मोल्डर घाम पुसत बाहेर आली’. मध्ये साधी, सरळ वाक्यंही पेरा. मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणारा कामगार, अशासाठी, की मुलांचे काका-मामा बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जातात. मोल्डर म्हटलं की पुरुषच डोळ्यांपुढं येतो. निपाणीत असाल तर ‘विडी वळणारे हात’ बायकांचे, तिथं उलटं वाक्य करा. पुस्तकातला ‘वैमानिक’ नको, काम गावातलंच हवं.

एकानं चिठ्ठ्या उलटायच्या, एकानं मोठ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं आवाज कुठं अडतो तेवढंच टिपायचं. विषय बाई-पुरुषांचा आहे हे आधी अजिबात सांगू नका. कळलं की मुलं सावध होतात. शेवटी विचारा : वाक्य बरोबर की चूक?

‘कुलूप’ला वर्ग हसतो. ‘मोल्डर’पाशी वाचणारा मागची चिठ्ठी पुन्हा बघतो आणि म्हणतो, “बाई, ‘आला’ पाहिजे ना?”

आता कारण सांगा. अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण विद्युतलहर उठते, एन400. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी ती 1980 मध्ये दाखवली. व्याकरण बिघडलं की साधारण 600 मिलिसेकंदांच्या आसपास वेगळी, धन लहर येते, पी600. ली ऑस्टरहाउट आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये इंग्रजी वाक्यांत डॉक्टर बाई आहे असं दाखवलं, तेव्हा लोकांच्या मेंदूत ही दुसरी लहर उठली. वाक्य ठीक आहे असं म्हणणाऱ्यांच्याही!

म्हणजे ‘मोल्डर आली’ हे मेंदूला ‘कुलूप’सारखं नाही, ‘मामा आली’सारखं खटकतं, फक्त कमी जोरानं. मामा पुरुष असतो तो अर्थानंच. मोल्डर पुरुष, ही निव्वळ आपली सवय. मुलींना हा फरक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा, घाई करू नका. वर्गात लहरी दिसत नाहीत, दिसतो तो अडखळलेला आवाज, हेही स्पष्ट सांगा.

शेजारच्या कन्नड वर्गालाही बोलवा. त्यांच्या क्रियापदातही बाई-पुरुष कळतो, बंदळु (आली) आणि बंदनु (आला), त्यामुळं चिठ्ठ्या तेवढ्या नव्यानं लिहाव्या लागतील.