जुन्या व्हर्जनचा बग कळवताय? आधी या चुका टाळा

‘हे व्हर्जन आता सपोर्टेड नाही.’ एवढंच लिहून ओपन सोर्स प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा प्रोग्रामर, इश्यू (बगची नोंदवलेली तक्रार) बंद करतो, आणि दोन दिवस खपून तक्रार लिहिणाऱ्याला राग येतो. तो राग मला समजतो. पण बरेचदा चूक इश्यू उघडण्याआधीच झालेली असते.

सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे तक्रार भलत्याच दारी नेणं. डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅट अशा लिनक्स डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) पॅकेज मॅनेजरने बसवलेलं सॉफ्टवेअर थेट मूळ प्रकल्पाकडून आलेलं नसतं. डिस्ट्रो एक व्हर्जन धरून ठेवते आणि नंतरच्या दुरुस्त्या त्यातच आणून बसवते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या १.१.१ व्हर्जनचंच बघा. मूळ प्रकल्पाने त्याचा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवला, तरी डेबियन ११ मध्ये त्याचे सुरक्षा पॅच पुढेही येत राहिले. त्या पॅकेजमधल्या बगबद्दल मूळ मेंटेनरला विचारलं तर तो काय करणार? त्याने तो कोड त्या रूपात कधी दिलेलाच नाही. व्हर्जनच्या आकड्यामागे डिस्ट्रोचं शेपूट दिसलं, तर आधी डिस्ट्रोच्या बग ट्रॅकरवर जा.

एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) आहे म्हणून निर्धास्त राहणं ही दुसरी चूक. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड १६ एलटीएसच होतं आणि त्याची मुदत एप्रिल २०२४ पर्यंत होती. पण ते ज्या ओपनएसएसएल १.१.१ वर उभं होतं त्याचाच सपोर्ट संपणार होता, म्हणून नोडची मुदतही त्याच ११ सप्टेंबरवर आणली गेली. तेव्हा खालच्या लायब्ररींच्या तारखाही पाहत जा.

ताज्या व्हर्जनवर बग तपासून न बघणं मात्र खरोखर महागात पडतं. स्वच्छ कंटेनर (बाकीच्या सिस्टमपासून वेगळं, कोरं वातावरण) घ्या, नवं व्हर्जन बसवा आणि बग दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा कोड चालवा. बग तिथेही आला, तर तुमच्या इश्यूला वजन येतं. नाही आला, तर गिट बायसेक्टने (कोडच्या इतिहासात अर्ध्या-अर्ध्याने शोधणाऱ्या कमांडने) तो नेमक्या कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, दुरुस्त झाला ते शोधा. अपग्रेड लगेच शक्य नसेल, तर तेवढा पॅच आपल्या जुन्या व्हर्जनच्या शाखेत आणता येतो. हे काम मेंटेनरकडे फुकट मागू नका. प्रत्येक जुन्या शाखेसाठी पॅच वेगळा जुळवावा लागतो, टेस्ट वेगळ्या चालवाव्या लागतात, रिलीज वेगळा काढावा लागतो. आणि अनेक मेंटेनर हे नोकरी सांभाळून करतात.

अपग्रेड करायचं ठरलं की एकदम शेवटच्या व्हर्जनवर उडी मारू नका. जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कसारख्या प्रकल्पात एकेक व्हर्जन वर सरकायचं, डेप्रिकेशनचे (पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींचे) इशारे चालू करून टेस्ट चालवायच्या आणि ते मिटवूनच पुढे जायचं. वेळ लागतो, पण काय मोडलं आणि कुठे मोडलं, हे कळतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. सापडलेला बग सुरक्षेचा असेल, तर व्हर्जन कितीही जुनं असो, जाहीर इश्यू उघडू नका. प्रकल्पाच्या सुरक्षा धोरणात दिलेल्या खासगी मार्गानेच कळवा. तीच त्रुटी नव्या व्हर्जनमध्येही असू शकते.