मधमाश्यांचे पोषण: साखरेआधी परागाकडे पाहावे

पेटीत अन्न कमी पडत आहे अशी शंका आली की बहुतेक मधपाळ आधी साखरेचा पाक करायला घेतात. मकरंद, मध किंवा साखर यांतून माश्यांना मिळते ती मुख्यतः ऊर्जा. शरीर घडवणारी प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि बहुतांश खनिजे परागातून येतात. त्यामुळे मधाने जड झालेल्या पेटीतील वसाहतही कुपोषित असू शकते, आणि हे पेटी उचलून पाहिल्याने कळत नाही.

ते कळते पिलाव्यावरून, म्हणजे पोळ्यातील अंडी, अळ्या आणि कोष यांवरून. उबदार, वारा नसलेल्या वेळी पेटीतील मधली, पोळे असलेली चौकट काढून लहान अळ्या नीट पाहाव्यात. पराग पुरेसा असेल, तर अळ्या पांढऱ्याशुभ्र व चकचकीत असतात आणि दुधाळ अन्नात पहुडलेल्या दिसतात. हे अन्न दाईमाश्यांच्या, म्हणजे अळ्यांना भरवणाऱ्या कामकरी माश्यांच्या, डोक्यातील ग्रंथींत तयार होते. पराग घटला की या ग्रंथी नीट वाढत नाहीत, अळ्या कोरड्या दिसू लागतात, राणीचे अंडी घालणे मंदावते आणि टंचाई तीव्र झाली तर कामकरी माश्या अळ्याच खाऊन टाकतात. पिलाव्याभोवती परागाच्या घरांचा पट्टा आहे का, हेही तेव्हाच पाहावे. पट्ट्यात सर्वत्र एकाच रंगाचा पराग असेल, तर मी ती धोक्याची सूचना मानतो, कारण माश्यांना 10 आवश्यक अमिनो आम्ले लागतात आणि एकाच वनस्पतीच्या परागात ती सर्व योग्य प्रमाणात असतीलच असे नाही. मका किंवा सूर्यफुलाच्या विस्तीर्ण पिकात पराग दिसायला भरपूर असला, तरी त्यात प्रथिने तुलनेने कमी असतात.

खरा उपाय म्हणजे वेगवेगळ्या वेळी फुलणाऱ्या विविध वनस्पती जवळपास असणे, किंवा पेट्या तशा ठिकाणी हलवणे. ते जमत नसेल, तर तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ व ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरले जाणारे यीस्ट) साखरेच्या घट्ट पाकात मळून त्याची चपटी वडी पिलाव्याच्या चौकटींवर ठेवावी. हा पर्याय परागाची पूर्ण बरोबरी करत नाही. वडी थोड्या दिवसांत संपेल एवढीच असावी. उरलेली वडी बुरशी आणि कीड यांना आमंत्रण देते.

पाकासाठी फक्त स्वच्छ पांढरी साखर वापरावी, कारण गूळ, काकवी किंवा तपकिरी साखर यांमुळे माश्यांना अतिसार होतो. पिलावा वाढवायचा असेल तर साखर आणि पाणी वजनाने समान घ्यावे. थंडीसाठी साठा करून द्यायचा असेल तर पाण्याच्या दुप्पट साखर घ्यावी. पाणी गरम करून आच बंद करावी आणि मगच साखर विरघळवावी. आम्ल घालून पाक उकळल्यास माश्यांना विषारी ठरणारे घटक तयार होतात. अनोळखी वसाहतीचा मध कधीही देऊ नये, त्यातून फाउलब्रूड या अळ्या मारणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू येऊ शकतात. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत आणि न सांडता द्यावा, अन्यथा शेजारच्या वसाहती लुटालूट सुरू करतात. मध काढण्यासाठी लावलेल्या चौकटी पेटीत असताना पाक देणे टाळावे, नाहीतर साखर मधात मिसळते.

पाण्याची गरज सहज विसरली जाते. घट्ट मध पातळ करण्यासाठी आणि पिलाव्याचे तापमान 34 ते 35 अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी माश्या पाणी आणतात. उथळ भांड्यात पाण्याबाहेर डोकावतील असे खडे ठेवून ते हंगामाच्या सुरुवातीलाच मांडावे आणि कधीही कोरडे पडू देऊ नये, कारण माश्यांना एकदा दुसऱ्या पाणवठ्याची सवय लागली की ती मोडणे कठीण जाते.