बाळासोबत सफरचंदांच्या बागेत जाताना या चुका टाळा

सप्टेंबर सरत आला की न्यू जर्सीतील अनेक मराठी कुटुंबे शनिवार-रविवार गाठून न्यूयॉर्क राज्यातील वॉरविक परिसराच्या बागांकडे निघतात. स्वतःच्या हाताने सफरचंदे तोडावीत, पिशवीच्या आकाराप्रमाणे पैसे द्यावेत आणि घरी येऊन काहीतरी गोडधोड करावे, एवढाच बेत असतो. परंतु सोबत वर्षाच्या आतले बाळ असेल तर तो बागेत पोहोचण्याआधीच फसू शकतो.

सुरुवात तारखेपासून होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी जोडून आलेले दिवस सर्वांनाच सोयीचे वाटतात आणि म्हणूनच ते बाळासाठी सर्वांत गैरसोयीचे ठरतात. एखादा आधीचा शनिवार निवडावा, बाळाची सकाळची झोप गाडीतच होईल अशा बेताने निघावे आणि बाग उघडण्याच्या सुमारास पोहोचावे. थंडी आहे म्हणून जाड जॅकेट घालूनच बाळाला कार सीटमध्ये बसवू नये, कारण पट्टे वरून घट्ट वाटले तरी धडकेच्या वेळी जॅकेट चेपते आणि पट्टे सैल पडतात. पातळ कपड्यांवर पट्टे आवळावेत आणि पांघरूण वरून घालावे.

बागेतील ओळींमध्ये गवत, खळगे आणि पडलेली फळे असतात, त्यामुळे स्ट्रोलरपेक्षा बाळाला अंगाशी बांधून घेण्याचे कॅरिअर बरे. मात्र ज्याच्या अंगावर बाळ आहे त्याने शिडीवर चढू नये. थंडी पडली म्हणजे गोचिडी संपल्या, हा समजही चुकीचा आहे. लाइम रोग पसरवणाऱ्या हरणगोचिडीच्या पूर्ण वाढलेल्या माद्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चावतात. घरी आल्यावर बाळाच्या कानांमागे, मानेच्या वळ्यांत, काखेत आणि जांघेत नीट पाहावे. गोचीड आढळल्यास तेल वगैरे न लावता बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी.

सर्वांत गंभीर चुका खाण्यापिण्याच्या असतात. ‘जरा चाटू दे’ म्हणून बाळाच्या हाती सफरचंदाची कच्ची फोड दिली जाते. दोन दात आलेले बाळ तिचा तुकडा मोडू शकते, पण चावू शकत नाही, आणि तो घशात अडकतो. ताजा सायडर, म्हणजे बागेत मिळणारा सफरचंदाचा न गाळलेला रस, तर बाळाला देऊच नये. एक वर्षापर्यंत फळांचा कोणताही रस नको, असा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. त्यात हा सायडर पाश्चरीकरण न केलेला असेल तर धोका अधिक. १९९६ मध्ये अशाच कच्च्या सफरचंद-रसातून ई. कोलाय या जिवाणूचा संसर्ग पसरून एका लहान मुलीचा मृत्यू झाला होता. जमिनीवर पडलेली फळेही उचलू नयेत, कारण झाडांखाली हरणे आणि इतर प्राणी वावरतात. भारतातून आलेल्या आजींना मधाचे बोट चाटवण्याची सवय असते, त्यांना आधीच सांगून ठेवावे: मधातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असल्याने तो पहिला वाढदिवस होईपर्यंत वर्ज्य आहे.

स्वयंपाकातील बहुतेक फजिती वाण न विचारता पिशवी भरल्याने होते. मॅकिंटॉश शिजताच विरघळतो, म्हणून तो बाळाच्या गरासाठी उत्तम, पण ‘ॲपल पाय’साठी एकटा वापरल्यास आत लगदाच होतो. कॉर्टलँड चिरल्यावर सावकाश काळा पडतो, म्हणून कोशिंबिरीला तोच घ्यावा. ग्रॅनी स्मिथ उशिरा, बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तयार होतो. कैरी न मिळणाऱ्या गावी त्याची आंब्याची डाळ चांगली होते, फक्त आंबटपणा कमी पडल्यास लिंबू पिळावे लागते.

हलवा पाणचट होतो, कारण साखर फार लवकर पडते. कीस आधी तुपावर परतून पाणी आटवावे, कढईचा तळ कोरडा दिसू लागल्यावरच साखर घालावी. खीर फाटण्याचे कारण फळातील आम्ल होय. उकळत्या दुधात कच्चा कीस घातला की दूध नासते. कीस वेगळा शिजवून पूर्ण गार करावा आणि गार झालेल्या आटीव दुधातच मिसळावा. साखरेला हात लावण्यापूर्वी बाळाचा वाटा काढून ठेवावा: साल, बिया आणि मधला कडक भाग काढून फोडी वाफवाव्यात आणि मीठ-साखर न घालता मऊ वाटाव्यात. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतो.

अर्ध्या बुशेलच्या पिशवीत साधारण नऊ किलो फळे मावतात, आणि लहान कुटुंबाला ती आठवड्यात संपत नाहीत. डागी फळे वेगळी काढून आधी शिजवावीत, बाकीची न धुता फ्रीजमध्ये ठेवावीत. त्याच कप्प्यात गाजरे ठेवू नयेत, कारण सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती कडवट होतात.