स्टोरेज आणि नेटवर्क एकाच स्विचवर आणताय? या चुका टाळा

वर्धा रोडने रोज जा-ये करणाऱ्या नागपूरकराला हे काम समजावून सांगणं सोपं जातं. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि ३.१४ किलोमीटरभर खांब मात्र तेच. तरी खालच्या कोंडीमुळे मेट्रो कधी थांबत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचा मजला आहे. सर्व्हर रूममध्ये खर्च वाचवायला आपण खांब एक करतो आणि मजले बांधायचं राहून जातं. रात्री-बेरात्री मला जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी हेच निघतं.

व्हीलॅन दिला म्हणजे वाट वेगळी झाली, असं नाही

शहरातल्या एका रुग्णालयात दोन सर्व्हर होते. प्रत्येकाला १० गिगाबिटचे दोन पोर्ट, आणि त्यावरच आयस्कझी स्टोरेज (साध्या नेटवर्कवरून जोडलेली डिस्क), रोजचं नेटवर्क आणि बॅकअप. स्टोरेजला वेगळा व्हीलॅन (त्याच तारेवरचं आभासी वेगळं नेटवर्क) होता, म्हणून सगळे निर्धास्त. रात्री ११ ला बॅकअप सुरू व्हायचा. एका सकाळी नोंदणीच्या खिडकीवर काहीच सेव्ह होईना. पेशंटची रांग दारापर्यंत गेली होती. मी पोचलो तेव्हा लिनक्सची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झालेली होती.

व्हीलॅनमुळे कोण कोणाला दिसतो हे ठरतं. तारेतला वाटा ठरत नाही. बॅकअपने लिंक भरली की स्विचचा बफर (पॅकेट तात्पुरती थांबायची जागा) भरतो आणि पॅकेट गळायला लागतात. वेबपेज उशिरा आलं तर माणूस थांबतो, डिस्कचं तसं नाही. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सर्व्हर स्टोरेजला अधूनमधून ‘आहेस का’ असं विचारत असतो. ५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर जोडणी तुटली असं धरतो, आणि १२० सेकंदांत ती परत जुळली नाही तर वरच्या प्रोग्रामला थेट एरर देतो. मग डेटा बिघडू नये म्हणून फाइल सिस्टिम लिहिणंच बंद करते.

उपाय म्हणजे वाटा बांधून देणं. डेटा सेंटरच्या स्विचमध्ये यासाठी ईटीएस असतं: स्टोरेजला निदान निम्मी लिंक राखून ठेवा. स्टोरेज शांत असेल तेव्हा तो वाटा इतरांना मिळतो, म्हणजे वाया काही जात नाही. पण ही वाटणी स्विच आणि सर्व्हरचं कार्ड, दोन्हीकडे लागली आहे का, ते स्वतः बघा. डीसीबीएक्स दोघांचं जुळवून देतो यावर विसंबू नका. मी दोनदा तो एकाच बाजूला चालू असलेला पाहिला आहे.

‘लॉगिन होतंय, मग नेटवर्क ठीक आहे’

ही चूक माणसाला सगळ्यात जास्त फिरवते. सर्व्हरवर जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटऐवजी मोठं पॅकेट) ९०००, स्टोरेजवरही ९०००, आणि मधला एक स्विच १५०० वर राहिलेला. लॉगिनचे निरोप छोटे असतात, ते बिनबोभाट जातात. लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) दिसतो. फॉरमॅट करायला घेतलं की सगळं जागच्या जागी गोठतं, कारण मोठी फ्रेम स्विच मुकाट्याने टाकून देतो आणि कोणालाच कळवत नाही. दोन्ही टोकं आपसात ९००० वर राजी झालेली असतात, त्यामुळे त्यांना शंकाही येत नाही.

तपासायला साधा पिंग चालणार नाही. तुकडे न करण्याची सूचना देऊन ८९७२ बाइटचा पिंग पाठवा (९००० मधून हेडरचे २८ वजा). प्रत्येक सर्व्हरवरून, स्टोरेजच्या प्रत्येक पोर्टला, आणि राखीव वाटेनेसुद्धा. राखीव वाट तपासायची राहते आणि नेमकी तीच नको त्या रात्री कामाला लागते.

फायबर चॅनल (खास स्टोरेजसाठीचं नेटवर्क) इथरनेटवरून नेत असाल, म्हणजे एफसीओई, तर आकडा वेगळा. त्याची फ्रेम २१४८ बाइटपर्यंत जाते, म्हणून १५०० पुरतच नाही. २५०० ठेवण्याची पद्धत आहे.

थांबवायचं कोणाला, हे ठरवून ठेवा

एफसीओईला गळती अजिबात चालत नाही. आयस्कझीमागे टीसीपी असतो, तो गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवतो. एफसीओईला हा आधार नाही. म्हणून त्याच्या वर्गापुरतं पीएफसी (‘थांब’ हा निरोप त्या एका वर्गालाच देणारी सोय) लावायचं, बहुतेक ठिकाणी प्रायॉरिटी ३ वर. चूक होते ती घाईत सगळ्या पोर्टवर जुना सरसकट पॉझ चालू करण्यात. मग स्टोरेजसाठी पाठवलेला ‘थांब’ लॅनलाही थांबवतो, क्लस्टरच्या हार्टबीटलाही (गटातले सर्व्हर एकमेकांना देतात ती ‘मी चालू आहे’ ही खूण). हार्टबीट अडला की क्लस्टरला वाटतं शेजारचा सर्व्हर गेला, आणि धडधाकट सर्व्हरही रीस्टार्ट होऊ शकतो.

आयस्कझीला एलएसीपीने दोन लिंक जोडून वेग दुप्पट होईल, अशी आशा ठेवू नका. एक सेशन एकाच लिंकवरून धावतं. तिथे मल्टिपाथ (डिस्कपर्यंत एकाहून जास्त वाटा वापरणारी सोय) लावा. आणि दोन्ही वाटा एकाच कार्डाच्या दोन पोर्टवर ठेवू नका. कार्ड गेलं की दोन्ही जातात.

सरासरीवर भरवसा नको

पाच मिनिटांचा ग्राफ ३० टक्के दाखवतो आणि तरीही पॅकेट गळतात, कारण बफर भरायला क्षणभराचा लोंढा पुरतो. ग्राफ बाजूला ठेवा आणि स्विचवर प्रत्येक रांगेचे ड्रॉप आणि पॉझचे आकडे बघा. सीआरसी एररही (वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा आकडा) बघा, विशेषतः मे महिन्यात. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, सर्व्हर रूमचा एसी दमतो, आणि साधे एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचे केबल जोडणारे मॉड्यूल) ७० अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेले असतात. पूर्वी एक स्विच तापला तर एक नेटवर्क अडायचं. आता त्याच स्विचवर डिस्कही आहे.

रुग्णालयात वाटे बांधून दिल्यावर मी घरी गेलो नाही. ११ वाजता बॅकअप सुरू होऊ दिला, सोबत डेटाबेसवर लिहिण्याची चाचणी लावली आणि लिंक भरल्यावर एका सर्व्हरची एक केबल काढली. चाचणी तीन-चार सेकंद अडखळली आणि दुसऱ्या वाटेने पुढे गेली. केबल परत लावली, दुसरी काढली. दोन्ही बाजूंनी निभावलं तेव्हाच रजिस्टरमध्ये सही केली.