गाडी रात्रीत खाली बसते? कॉम्प्रेसर बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पुण्या-मुंबईहून आणलेल्या जुन्या मोठ्या एसयूव्ही आता सर्रास दिसतात: ऑडी क्यू७, मर्सिडीज जीएल, लँड रोव्हर डिस्कव्हरी, एखादी रेंज रोव्हर. नव्या गाडीच्या मानाने खूपच कमी पैशांत मिळतात, इंजिनात दम असतो, आणि चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना आत बसलेल्याला खड्डा कळत नाही. मग एखाद्या सकाळी बघावं तर गाडीचा एक कोपरा चाकावर टेकलेला आणि मीटरमध्ये पिवळा दिवा. त्या दिव्यानंतर जो खर्च सुरू होतो, त्यातला बराचसा टाळता येतो. केवळ घाईपायी लोकांचे भरमसाट पैसे जाताना बघून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एअर सस्पेन्शनची, म्हणजे गाडी हवेवर तोलणाऱ्या यंत्रणेची, रचना थोडक्यात. स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी बलून असतो. विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती ड्रायरमध्ये कोरडी होऊन व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (हवेची वाटणी करणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात) येते आणि तिथून नायलॉनच्या बारीक पाइपांतून एकेका बलूनकडे जाते. बऱ्याच गाड्यांत हवा साठवायला टाकीही असते. गाडी किती उंच आहे, हे चाकांजवळचे हाइट सेन्सर कंट्रोल मॉड्यूलला (ही यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) कळवत राहतात. टायरमधला दाब सव्वादोन-अडीच बार. इथे टाकीत तो १५ बारच्या घरात जातो. एवढ्या दाबाला केसाएवढी चीरही पुरते. जुन्या बीएमडब्ल्यू एक्स५मध्ये बलून असले तर ते बहुतेक वेळा फक्त मागे असतात, पुढे साधी स्प्रिंग. अशा गाडीत पुढची बाजू बसली तर कारण वेगळं शोधायचं.

चूक: दिवा लागला म्हणजे कॉम्प्रेसर गेला

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. कॉम्प्रेसर जळालेला असेलही, पण बहुतेक वेळा तो आपणहून जळत नाही. बलूनला बारीक गळती लागते, गाडी रोज थोडी बसते आणि ती उचलायला कॉम्प्रेसर रोज जादा चालतो. सलग चालण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. तापला की मॉड्यूल त्याला बंद करतं, थंड झाला की परत चालू करतं. मालकाला वाटतं, दिवा गेला, गाडी बरी झाली. हे असंच चालू राहतं आणि शेवटी पिस्टनची रिंग इतकी झिजते की दाबच तयार होत नाही. मग नवा कॉम्प्रेसर बसतो, गाडी उठते, सगळे खूश. गळती मात्र जिथल्या तिथे, त्यामुळे नवाही जुन्याच्या वाटेने जातो.

आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट आडवी येते. पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला ट्रक-बसच्या हवेचं काम करणारे पक्के मिस्त्री आहेत. हवेचे ब्रेक, बसचे बलून त्यांच्या हाताखालून रोज जातात. पण ट्रकचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन फिरतंय तोवर तो हवा देत राहतो, म्हणून थोडीफार गळती तिथे खपून जाते. एसयूव्हीत खपत नाही. 'एवढं चालतंय की ओ मालक,' हे उत्तर ट्रकला बरोबर आहे. इथे ते कॉम्प्रेसरच्या जिवावर उठतं. मिस्त्री कितीही हुशार असला तरी काम सुरू करण्याआधी हा फरक त्याच्याशी बोलून घ्या.

कॉम्प्रेसर खरोखरच बदलावा लागला, तर रिले (त्याला वीज चालू-बंद करणारा स्विच) त्याच्याबरोबरच बदला. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले की किल्ली काढल्यावरही कॉम्प्रेसर घरघरत राहतो, बॅटरी उतरवतो आणि स्वतःही जळतो. कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे रिलेची किंमत काहीच नाही.

चूक: सकाळी जसं दिसलं, तसंच निदान केलं

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ आणि ४ मध्ये गाडी बंद असतानाही मॉड्यूल काही तासांनी जागं होतं. एक कोपरा खाली गेलेला दिसला की बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांतली हवा सोडून ते गाडी सपाट करतं. आणखी काही गाड्याही बंद केल्यावर अशी जुळवाजुळव करतात. म्हणजे गळती एकाच बलूनला असते आणि सकाळी अख्खी गाडी सारखी बसलेली दिसते.

वडगावातल्या एका मित्राच्या गाडीचं हेच झालं. सकाळी चारी बाजूंनी सारखी खाली. एका गॅरेजमध्ये त्याला व्हॉल्व्ह ब्लॉक आणि कॉम्प्रेसर, दोन्हीचा खर्च सांगितला. त्या रात्री आम्ही एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला. सकाळी तीन कोपरे होते तसेच, मागचा डावा तेवढा पार खाली. साबणाचं पाणी मारल्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग गाडी सर्वांत उंच केली, बलूनची घडी उलगडली आणि तिच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या आडव्या चिरेवर, पांढरा फेस हळूहळू फुलत आला. एक बलून बदलून काम संपलं.

ही चाचणी घरच्या अंगणात कुणालाही करता येते. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर, नॉर्मल उंचीला लावा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजून कागदावर लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. कोणता फ्यूज ते गाडीच्या पुस्तकात बघून काढून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. डिसेंबरातल्या आपल्याकडच्या थंडीत एखादा सेंटिमीटर फरक पडला तर तो आजार नव्हे, थंड हवा आकसते.

एकच कोपरा बसला तर बलून, त्याचा पाइप किंवा जोड. पुढची किंवा मागची दोन्ही चाकं सारखी बसली तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. आणि फ्यूज काढल्यावर काहीच बसलं नाही, पण फ्यूज असताना बसते, तर हवा गळत नाही, सोडली जाते आहे. मग हाइट सेन्सरकडे बघा. खानापूरच्या बाजूला लाल चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांत सेन्सरची बारीक दांडी निखळलेली किंवा त्याचा कनेक्टर गंजलेला सापडतो. सेन्सर बदलला की स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) उंचीचं कॅलिब्रेशन, म्हणजे नव्याने जुळवणी, करून घ्यायलाच हवं. ते न करता गाडी बाहेर काढली तर ती तिरकी उभी राहते आणि दोष नव्या पार्टवर जातो.

चूक: साबणाची चाचणी उरकायची म्हणून करणं

भांड्यांचं लिक्विड दाट कालवून स्प्रेने मारा आणि दोन मिनिटं थांबा. बारीक गळतीला फेस यायला वेळ लागतो. गाडी नॉर्मल उंचीला आणि उंच करून, दोन्ही वेळा बघा, कारण रबराची घडी जागा बदलते. क्यू७ किंवा पोर्शे कायेनसारख्या गाडीत बलून बराचसा धातूच्या आवरणात असतो. तिथे वरचा पाइपचा जोड आणि खालच्या रबरी बुटाची (धूळ अडवणाऱ्या आवरणाची) कड तपासायची. व्हॉल्व्ह ब्लॉकचे जोड विसरू नका. आणि या वेळी हात किंवा डोकं चाकाच्या कमानीत घालायचं नाही. गाडी अचानक बसू शकते.

चूक: स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल

डिस्कव्हरीत सी१ए२० हा कोड बऱ्याचदा येतो. टाकी भरताना दाब हळू वाढतोय, एवढंच तो सांगतो. कॉम्प्रेसर झिजला असेल, पाइप गळत असेल, हवा आत घेण्याचा फिल्टर तुंबला असेल. यातलं नेमकं काय, हे कोडला माहीत नसतं. दमलेल्या बॅटरीमुळेही सस्पेन्शनचा दिवा लागतो. आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा, मग बाकीचं. कोड नुसता पुसून गाडी परत देणारा माणूस तुमचं काम करत नाहीये.

चूक: ड्रायरचा विचारच न करणं

कणकुंबी-चोर्ला भागात जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते, ते वेगळं सांगायला नको. कॉम्प्रेसर तीच हवा ओढतो. ड्रायरमधले दाणे ओल शोषून घेतात आणि बलूनमधली हवा सोडली जाते तेव्हा ती कोरडी हवा ड्रायरमधून उलटी जाऊन ती ओल बाहेर नेते. गळती असेल तर हवा या वाटेने परत येतच नाही. दाणे भिजत जातात, त्यांचा भुगा होतो आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन अडकतो. म्हणून पावसाळाभर गळती अंगावर काढलेल्या गाडीत एकट्या बलूनवर भागेलच असं नाही. ड्रायर उघडून बघा. बऱ्याच कॉम्प्रेसरांचे दाणे वेगळे मिळतात, अख्खा कॉम्प्रेसर टाकायची गरज नसते.

घाटातून आल्यावर बलूनच्या घडीतला चिखल साध्या पाइपने, गाडी उंच करून धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट रबरावर नको.

चूक: एम-सील, पंक्चरचं सोल्युशन, थ्रेड टेप

रोज हजारदा दुमडणाऱ्या रबरावर यातलं काहीच टिकत नाही. टेपचे तुकडे तर आत जाऊन व्हॉल्व्हच अडवतात. पाइप जोडाजवळ गळत असेल तर त्याचं टोक धारदार पात्याने सरळ कापा, नवा जोड घ्या आणि पाइप पूर्ण आत बसल्याची खात्री करा. जोड उघडण्याआधी स्कॅनरवरून हवा सोडून घ्या.

जिथे जीव जातो ती चूक

नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. गाडी उंच उभी आहे ती हवेवर, आणि ती हवा कधीही सुटू शकते. आधी गाडीत सोय असेल तर जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) लावा, मग गाडी उचला, पक्के स्टँड लावा, तेव्हाच खाली जा. रॅम्पवर घेतानाही तसंच. नवा बलून बसवल्यावर तो रिकामा असताना गाडीचं वजन त्यावर टेकवू नका. त्यात आधी थोडी हवा भरायची, नाहीतर घडी उलटी पडून नवाकोरा बलून पहिल्याच दिवशी फाटतो.

बसलेली गाडी तशीच चालवत गॅरेजला नेणंही नको. टायर आतून घासतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरचा दणका थेट बॉडीला बसतो. चाकं उचलून ओढणाऱ्या टोइंगपेक्षा सपाट फलाटाची गाडी बोलवा.

स्टीलच्या स्प्रिंगचा किट बसवून हवेचं झंझटच मिटवा, असा सल्ला हमखास मिळतो. गाडी फारच जुनी असेल आणि पार्ट मिळत नसतील तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण चांगल्या स्थितीतल्या गाडीत एका बलूनपायी हे करू नका. ओझं भरल्यावर गाडी सपाट ठेवणं, वेगात खाली बसणं, सगळं जातं, आणि मॉड्यूलची नीट सोय केली नाही तर दिवा कायमचा लागून राहतो.

अजून गाडी घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगा की रात्रीपासून गाडी चालू करू नका, मी सकाळी येतो. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं तर आज गाडी बघू नका, दुसरा दिवस ठरवा. थंड असेल तर सुरू करण्याआधी चारही कोपरे मोजा. मग सुरू करून खालपासून वरपर्यंत सगळ्या उंच्या लावून बघा, आणि गाडी उठायला लागलेला वेळ व कॉम्प्रेसरचा आवाज दोन्ही लक्षात ठेवा.